रबराची निवड आणि शर्यतीची रंगत

शब्बाथ संपून रविवार उजाडला की आपल्या या देशात कामाचा आठवडा सुरू होतो. युरोपात मात्र तो सुट्टीचा दिवस असल्यामुळे मोटारींच्या मोठ्या शर्यती, ज्यांना ‘ग्रां प्री’ म्हणतात, त्या बहुधा त्याच दिवशी होतात. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा या शर्यतींचा मोठा षौकीन आहे. शनिवारी दुपारी होणारी पात्रता-फेरी त्याला पाहता येत नाही, कारण आमच्या घरी शब्बाथ पाळला जातो. तिचा निकाल तो हब्दाला झाल्यावरच पाहतो. रविवारी कामावरून परतला की मात्र मुख्य शर्यतीसाठी तो दूरचित्रवाणीपुढे ठाण मांडून बसतो.

अशाच एका रविवारी त्याने मला विचारले, “मामा, कोट्यवधी खर्च करून जगातील सर्वांत वेगवान मोटार बांधायची आणि तिला वीस-पंचवीस फेऱ्यांत झिजणारे टायर लावायचे, यात शहाणपण ते कोणते? संपूर्ण शर्यत टिकेल असा टायर या लोकांना बनवता येत नाही काय?”

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. असा टायर बनवता येतो. किंबहुना तो बनवला गेला होता, आणि त्यानंतर जाणूनबुजून सोडून देण्यात आला. तो का सोडला आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हे समजावून घेताना मला बरेच काही शिकायला मिळाले. ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

खोडरबराचा धडा

शाळेत शिकवणाऱ्याला दोन प्रकारचे खोडरबर ठाऊक असतात. एक मऊ, पांढरे. कागदावर हलकेच फिरवले तरी अक्षर पुसले जाते, पण बाकावर त्याच्या चुऱ्याचा ढीग पडतो आणि महिन्याभरात ते संपते. दुसरे कडक, ते वर्षभर पुरते, परंतु कागदावर नुसते घसरते आणि अक्षर पुसण्याऐवजी डाग पाडते. मऊ रबर कागदाला धरते म्हणून झिजते. कडक रबर झिजत नाही, कारण ते धरीत नाही. टायरांची सारी विद्या या एका वाक्यात सामावलेली आहे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

रस्ता डोळ्यांना सपाट दिसला तरी भिंगाखाली तो डोंगरदऱ्यांचा प्रदेश असतो. टायरचे रबर त्या खडींच्या टोकांवर दाबले जाते आणि दऱ्यांत शिरते. पुढे सरकताना ते पुन्हा मूळ आकाराला येऊ पाहते. पण शर्यतीचे रबर ही क्रिया सावकाश करते. लहान मुलांचा उसळता चेंडू जमिनीवर टाकला तर तो घेतलेली जवळजवळ सर्व शक्ती परत देऊन वर उडतो. शर्यतीच्या रबराचा चेंडू केला तर तो मातीच्या गोळ्यासारखा धप्पकन बसेल. घेतलेली शक्ती परत न देता ते तिची उष्णता करते, आणि याच आळसामुळे मोटारीला रस्त्यावर पकड मिळते. शिवाय रबराचे कण आणि रस्त्याचे कण एकमेकांना अगदी जवळून भिडले की त्यांच्यात एक क्षणिक चिकटपणाही निर्माण होतो. या दोन गोष्टी मिळून जी पकड होते, तिच्या जोरावर चालक वळणावर मोटार घालतो.

आता हे रबर मऊ किंवा कडक कसे करतात? १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याला गंधक आणि उष्णता यांच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. गंधक रबराच्या लांबलांब धाग्यांना जागोजागी गाठी मारते. गाठी अधिक, तर रबर घट्ट. कमी, तर सैल. त्यात काजळी घातली की ते झीज सोसते. तेल आणि राळ घातली की ते नरम व चिकट होते. पुरीसाठी घट्ट आणि पोळीसाठी सैल कणीक भिजवणाऱ्या गृहिणीला हे वेगळे सांगायला नको. कोकणात ज्यांचे पूर्वज ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात, त्या आपल्या समाजाला तेलाचा हा गुण ऐकून विशेष नवल वाटू नये! रबर, काजळी, तेल, राळ आणि गंधक यांच्या या मिश्रणालाच शर्यतीच्या भाषेत ‘कंपाउंड’ म्हणतात.

तापमानाचेही गणित आहे. प्रत्येक मिश्रणाला स्वतःची एक ऊब लागते. शर्यतीचा टायर साधारणपणे शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास आपले उत्तम काम करतो. थंड टायर लाकडासारखा घसरतो. फार तापलेल्या टायरच्या पोटात उष्णता कोंडते आणि त्याच्या पृष्ठभागावर भाजल्यासारखे फोड येतात. मऊ मिश्रण लवकर तापते, लवकर पकडते आणि लवकर संपते. कडक मिश्रण उशिरा तापते, पण दीर्घकाळ साथ देते.

तीन रंग आणि एक नियम

फॉर्म्युला वन या सर्वांत मोठ्या स्पर्धेला २०११ पासून पिरेली ही एकच इटालियन कंपनी टायर पुरवीत आली आहे. कोरड्या रस्त्यासाठी कंपनी अनेक मिश्रणे बनवते. २०१९ पासून त्यांना सर्वांत कडक ते सर्वांत मऊ अशा क्रमाने सी-१, सी-२ असे आकडे देण्यात आले. प्रत्येक शर्यतीसाठी त्यांतील तीन निवडली जातात आणि प्रेक्षकांना ओळखता यावीत म्हणून त्यांच्या कडांवर रंग दिला जातो : कडक तो पांढरा, मध्यम तो पिवळा, मऊ तो तांबडा. हे टायर अगदी गुळगुळीत असतात, त्यांवर एकही खाच नसते. कारण कोरड्या रस्त्यावर जितके रबर टेकेल तितके चांगले. खाचा लागतात त्या पाण्याला वाट देण्यासाठी. ओलसर रस्त्यासाठी हिरव्या रंगाचा आणि भर पावसासाठी निळ्या रंगाचा टायर असतो. ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावताना हा निळा टायर सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला सारतो, असे कंपनीचे म्हणणे आहे.

२००७ पासून असा नियम आहे की, कोरड्या शर्यतीत प्रत्येक चालकाने किमान दोन निरनिराळी मिश्रणे वापरलीच पाहिजेत. म्हणजे निदान एकदा तरी थांबून चाके बदलणे आले. चाके बदलण्यास दोन-तीन सेकंद पुरतात. परंतु मुख्य मार्ग सोडून सावकाश आत येणे आणि पुन्हा बाहेर पडणे यांत एकंदर वीस-पंचवीस सेकंद खर्ची पडतात.

भाच्याला मी फळ्यावरच्यासारखे एक उदाहरण घालून दिले. आकडे माझे, काल्पनिक. वाचकांनीही ते करून पाहावे. समजा, कडक टायरवर प्रत्येक फेरीला बरोबर ९० सेकंद लागतात. मऊ टायरवर पहिली फेरी ८९ सेकंदांत होते, पण पुढे दर फेरीला एक दशांश सेकंद वेळ वाढत जातो. पहिल्या दहा फेऱ्यांत मऊ टायरवाला साडेपाच सेकंद पुढे जातो. अकराव्या फेरीत दोघेही सारखेच. त्यानंतर कमावलेले घालवणे सुरू होते आणि एकविसावी फेरी संपते तेव्हा दोघे पुन्हा बरोबरीत येतात. बाविसाव्या फेरीपासून मऊ टायर हे ओझे ठरते.

या छोट्याशा गणितात शर्यतीची सारी रंगत दडलेली आहे. शेवटच्या दहा फेऱ्या उरल्या आहेत. पुढचा चालक कडक टायरवर निवांत आहे आणि मागचा पाच सेकंद मागे, पण नव्या मऊ टायरवर आहे. काय होईल? अखेरच्या फेऱ्यांत दोघे एकमेकांना भिडतील! दोघांचे टायर सारखेच असते तर ते पाच सेकंदांचे अंतर राखून, आगगाडीच्या डब्यांप्रमाणे, शेवटपर्यंत धावत राहिले असते. वेगामुळे शर्यत रंगते असा आपला समज असतो. वास्तविक ती रंगते वेगातील फरकामुळे, आणि हा फरक उत्पन्न करण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे रबर.

एकाच मार्गावरचे दोन रविवार

गणित कागदावर ठीक. प्रत्यक्षात तसे घडते का? शास्त्राच्या शिक्षकाला हवा असतो तसा एक प्रयोग २०२० साली आपोआप घडून आला. महामारीमुळे शर्यतींचे वेळापत्रक विस्कटले होते. त्यामुळे इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे लागोपाठच्या दोन रविवारी, २ आणि ९ ऑगस्टला, दोन शर्यती भरवण्यात आल्या. मार्ग तोच, मोटारी त्याच, चालकही जवळजवळ तेच. पहिल्या रविवारी सी-१, सी-२ व सी-३ ही मिश्रणे होती. दुसऱ्या रविवारी मुद्दाम एक पायरी मऊ, म्हणजे सी-२, सी-३ व सी-४ देण्यात आली.

पहिल्या रविवारी एका अपघातामुळे बहुतेकांनी लवकरच, तेराव्या फेरीच्या सुमारास, कडक टायर चढवले आणि उरलेल्या जवळजवळ ४० फेऱ्या त्यांवरच काढायचे ठरवले. शर्यत निरुत्साही झाली. मर्सिडीजचे हॅमिल्टन आणि बोटास सर्वांच्या पुढे, बाकीचे मागे. परंतु शेवटच्या तीन फेऱ्यांत त्या टायरांनी दगा दिला. प्रथम बोटासचा पुढचा डावा टायर फाटला आणि तो दुसऱ्या क्रमांकावरून अकराव्यावर घसरला. मग साइन्झचा टायर गेला. अखेरच्या फेरीत खुद्द हॅमिल्टनचा टायर फाटला आणि तीन चाकांवर मोटार रेटीत त्याने सुमारे सहा सेकंदांच्या फरकाने शर्यत जिंकली. त्याच्यामागे असलेला वर्स्टापेन काही क्षण आधीच नवे टायर घेण्यासाठी आत गेला होता. तो गेला नसता तर कदाचित विजय त्याचाच होता.

दुसऱ्या रविवारी मिश्रणे मऊ, हवा अधिक उष्ण आणि टायरमधील हवेचा दाबही सुरक्षिततेसाठी वाढवलेला. पात्रता-फेरीत इतर आघाडीचे चालक मध्यम टायरवर वेगाच्या मागे लागले असताना वर्स्टापेनने कडक टायर पत्करला, आणि तेव्हाच्या नियमानुसार शर्यतीचा आरंभही त्याला त्याच टायरवर करावा लागला. तो चौथ्या क्रमांकावरून निघाला. मर्सिडीजच्या टायरांवर थोड्याच फेऱ्यांत फोड दिसू लागले आणि त्यांना आत यावे लागले. वर्स्टापेन मात्र २६ व्या फेरीपर्यंत बाहेर राहिला आणि अखेरीस ११ सेकंदांनी विजयी झाला. मोटार मर्सिडीजचीच अधिक वेगवान होती. पण शनिवारी केलेल्या रबराच्या निवडीने रविवारचा निकाल फिरवला. एक पायरी मऊ रबर देताच गेल्या आठवड्यातील आगगाडीची शर्यत झाली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

टिकाऊपणाचा कंटाळा

आता भाच्याच्या मूळ प्रश्नाकडे वळू. २०१० पर्यंत जपानची ब्रिजस्टोन कंपनी टायर पुरवीत असे आणि ते अतिशय टिकाऊ होते. त्या वर्षी इटलीतील मोंझा येथे ५३ फेऱ्यांच्या शर्यतीत वेटेल ५२ फेऱ्या एकाच टायरवर धावला, केवळ नियम पाळण्यासाठी शेवटची एक फेरी उरली असताना आत आला, आणि तरीही चौथा आला. कारागिरीच्या दृष्टीने हे कौतुकास्पदच. परंतु प्रेक्षक जांभया देऊ लागले. अपवाद ठरली ती त्याच वर्षी जून महिन्यातील कॅनडाची शर्यत. तेथील रस्त्यावर टायर भराभर झिजले, पुढचे मागे आणि मागचे पुढे होत राहिले, आणि ती शर्यत वर्षातील अत्यंत रंगतदार शर्यतींपैकी एक ठरली. चालकांनी तोच धडा उचलला नसेल, पण संयोजकांनी उचलला. २०११ मध्ये पिरेली आली तेव्हा तिला सांगण्यात आले : कॅनडासारखे टायर करा, झिजणारे टायर करा. आपला माल लवकर खराब व्हावा अशी मागणी गिऱ्हाइकानेच करावी, असा प्रसंग व्यापाराच्या इतिहासात विरळाच.

या धोरणाने शर्यती रंगल्या यात शंका नाही. चालकांची तक्रार मात्र वेगळी होती. टायर जपायचा म्हणून सर्व शक्ती न लावता धावावे लागते. पुढच्या मोटारीच्या मागे तापलेल्या, गढूळ हवेत राहिले की टायर अधिकच तापतो, म्हणून अंतर ठेवावे लागते. हे धावणे आहे की काटकसर, असे ते विचारीत. माझे उत्तर असे की, काटकसर हीही विद्याच आहे. आपल्यापैकी ज्यांनी नव्या देशात पहिली वर्षे मोजक्या पगारात काढली आहेत त्यांना ते पटेल. पण हेही खरे की केवळ नियमाने रंगत आणता येत नाही. २०२५ मध्ये मोनाकोच्या अरुंद रस्त्यांवर प्रत्येकाने टायरचे किमान तीन संच वापरावेत, अशी सक्ती करण्यात आली. परिणाम असा झाला की काही संघांनी आपल्याच एका चालकाला मुद्दाम सावकाश चालवून दुसऱ्यासाठी वेळ मिळवून दिला. ज्या रस्त्यावर पुढे जायला जागाच नाही, तेथे रबर बदलून काय उपयोग?

रंगतीची किंमत

येथवर मी भाच्याशी खेळाविषयी बोलत होतो. यापुढचे मात्र मी त्याला थोडे गंभीर होऊन सांगितले. टायर ही अशी वस्तू आहे की ती चुकली तर नुसता क्रमांक जात नाही; माणूस जाऊ शकतो.

२६ ऑक्टोबर १९८६ रोजी ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे वर्षाची शेवटची शर्यत होती. इंग्लंडच्या मॅन्सेलला जगज्जेता होण्यासाठी तिसरा क्रमांक पुरेसा होता. ८२ फेऱ्यांपैकी ३२ व्या फेरीच्या सुमारास फ्रान्सच्या प्रोस्टचा टायर पंक्चर झाला आणि त्याला चाके बदलावी लागली. टायर-कंपनीच्या तंत्रज्ञांनी त्याचे उतरवलेले टायर तपासून मत दिले की झीज फारशी नाही, इतरांनी थांबण्याची गरज नाही. ६३ व्या फेरीत आघाडीवरील रोजबर्गचा टायर गेला. पुढच्याच फेरीत, ताशी सुमारे २९० किलोमीटर वेगात, मॅन्सेलचा मागचा डावा टायर ठिणग्यांच्या फवाऱ्यात फुटला. त्याने मोटार सावरून थांबवली आणि तो सुखरूप उतरला, परंतु जगज्जेतेपद गेले. त्याचा सहकारी पिके याला खबरदारी म्हणून आत बोलावण्यात आले, आणि शर्यत व जगज्जेतेपद दोन्ही प्रोस्टला मिळाले. गुणांचा फरक अवघा दोन. ज्याला सक्तीने थांबावे लागले तोच अखेर पुढे गेला!

दुसरी गोष्ट २००५ सालची. त्या वर्षी नेमका उलटा नियम होता : पात्रता-फेरी आणि शर्यत मिळून टायरचा एकच संच वापरायचा, तो बदलायचा नाही. २९ मे रोजी जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंग येथे आघाडीवर असलेल्या रायकोनेनचा पुढचा टायर ब्रेक दाबताना एका बाजूने घासून सपाट झाला. बदलला तर विजय जातो, म्हणून तो तसाच धावला. दर फेरीला हादरे वाढत गेले आणि शेवटच्या फेरीच्या सुरुवातीस चाकाचा आधार मोडून मोटार बाहेर फेकली गेली. सुदैवाने तो वाचला.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १९ जूनला, अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे जे घडले ते या खेळाच्या इतिहासात अभूतपूर्व होते. शुक्रवारच्या सरावात, वेगाने घ्यावयाच्या उतरत्या वळणावर, राल्फ शूमाखरचा टायर निकामी होऊन तो भिंतीवर आदळला. टायर मिशेलिन या फ्रेंच कंपनीचा होता. आपला टायर त्या वळणावर संपूर्ण शर्यत टिकेल याची हमी आपण देऊ शकत नाही, असे कंपनीने स्वतः होऊन सांगितले. वळणावर वेग कमी करणारा अडथळा घालावा ही सूचना नियामकांनी नाकारली. रविवारी वीस मोटारी प्राथमिक फेरीला निघाल्या आणि तिच्या अखेरीस मिशेलिनचे टायर असलेल्या चौदा मोटारी निमूटपणे आत वळल्या. सहाच मोटारींची शर्यत झाली. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, बाटल्या फेकल्या. कंपनीला पुढे तिकिटांचे पैसे परत देऊ करावे लागले.

आपल्या वाचकांना या शर्यतीचा एक धागा जवळचा वाटेल. त्या सहा मोटारींपैकी एक भारताच्या नारायण कार्तिकेयनची होती. फॉर्म्युला वनमध्ये धावणारा तो पहिला भारतीय. त्याच्या जॉर्डन संघाचे टायर ब्रिजस्टोनचे असल्यामुळे तो धावू शकला, चौथा आला आणि त्याला पाच गुण मिळाले. या स्पर्धेत त्याने मिळवलेले गुण तेवढेच. त्याच वर्षी जुलैमध्ये, तेल अवीव येथे जन्मलेला खानोख निस्सानी हंगेरीतील शर्यतीच्या शुक्रवारच्या सरावात मिनार्डी संघाची मोटार चालवून गेला. म्हणजे आपल्या जन्मभूमीचे आणि या भूमीचे, दोघांचेही नाव एकाच वर्षी या खेळाशी जोडले गेले.

भाच्याने विचारले, “ते चौदा जण भित्रे होते का?” मी म्हटले, मुळीच नाही. जिवाला धोका असेल तर शब्बाथसुद्धा मोडावा, असे आपला धर्म सांगतो. मग लाख-सव्वा लाख प्रेक्षकांची नाराजी ही काय गोष्ट? तोरेत नवे घर बांधणाऱ्याला गच्चीला कठडा घालण्याची आज्ञा आहे. कोणी पडल्यावर हळहळण्यापेक्षा पडण्याआधी कठडा घालावा, हा तिचा आशय. इंडियानापोलिसला कंपनीने तो कठडा उशिरा घातला, पण घातला. टायर कमी पडला हा तिचा दोष; तो कबूल केला हे तिचे श्रेय. विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना मीही हाच फरक करतो.

हा धडा पुढे उपयोगी पडला असे दिसते. २०१३ च्या ३० जूनला सिल्व्हरस्टोन येथे एकाच शर्यतीत अनेकांचे टायर फाटले, तेव्हा टायरची बांधणी बदलण्यात आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये कतार येथे रस्त्याच्या कडांवर आपटून टायरच्या आतील थर सुटत असल्याचे सरावानंतरच्या तपासणीत आढळले. या वेळी टायरमुळे कोणाला माघार घ्यावी लागली नाही. कोणताही संच १८ फेऱ्यांहून अधिक वापरायचा नाही, असा हुकूम निघाला आणि शर्यत पार पडली. झिजणारा टायर आणि फुटणारा टायर यांतील भेद येथे स्पष्ट होतो. झीज ही दिसते, मोजता येते, चालकाला वेळेवर सांगून सवरून येते. तिच्यावर खेळ उभारता येतो. फुटणे सांगून येत नाही. त्यावर रंगत उभारणे म्हणजे माणसाच्या जिवाशी जुगार. मऊ रबर निवडणाऱ्या संयोजकांनी ही रेषा ओलांडू नये, एवढीच अपेक्षा.

आपल्या अंगणातील चाके

शेवटी घरचे दोन शब्द. आपल्यापैकी कोणी शर्यतीत उतरणार नाही. परंतु मुलेबाळे घेऊन सणासुदीला दिमोनाहून लोदला, अश्दोदहून बीर शेव्याला आपण जातोच. आपल्या मोटारीचे रस्त्याशी नाते चार तळहातांएवढ्या रबराचे असते. ते रबर कंपनीने टिकाऊपणासाठी घट्ट केलेले असते, आणि ऊन व वर्षे यांनी ते आणखी कडक होते. खाचा शाबूत दिसल्या तरी जुने रबर जुन्या खोडरबरासारखेच. घसरते, धरीत नाही.

टायरच्या कडेवर ‘डी. ओ. टी.’ या अक्षरांनंतरच्या मजकुराच्या शेवटी चार आकडे असतात. ३२१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या ३२ व्या आठवड्यात तयार झाला, असे समजावे. खाचांच्या तळाशी लहान लहान उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले की टायर बदलण्याची वेळ झाली. दीर्घ उन्हाळ्यात रस्त्यावर तेल आणि धूळ साचते, आणि ज्याला येथे ‘योरे’ म्हणतात तो पहिला पाऊस पडताच तिचा चिखल होतो. कोकणात मृगाच्या पहिल्या सरीनंतर रस्ता कसा निसरडा होई, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तेव्हा सुक्कोथची गडबड आटोपली की एकदा कोपऱ्यावरच्या ‘पंचरिया’त जाऊन चारही चाके तपासून घ्यावीत.

भाच्याने दुसऱ्याच दिवशी खाली जाऊन आपल्या जुन्या मोटारीचे आकडे वाचले. परत आला तो काहीसा ओशाळून. “मामा, हे टायर माझ्या बार मिट्झवाच्या वर्षीचे आहेत!” त्याच आठवड्यात त्याने चारही बदलले. फॉर्म्युला वनपासून त्याला आणखी काही शिकायला मिळाले नाही, तरी माझी तक्रार नाही.